लालीचा ढेकर: अकोला, रिठद, किन्हीराजा आणि परत

जायचं ठरलं ते एका आनंदाच्या फोनमुळे. मार्चमधला सोमवार होता. मी अकोल्यात माझ्या वर्कशॉपमध्ये चारा बारीक कापायच्या कुट्टी मशीनच्या पात्यांना धार लावत होतो. फोन किन्हीराजाहून, शोभाताईंचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून कडबाकुट्टीचं मशीन नेलं होतं. या ब्लॉगच्याही त्या वाचक, पोरीच्या मोबाइलवर वाचतात.

"भाऊ, तुमी लिवलं होतं तसंच झालं बरं! लालीचा ढेकर बंद झाला. पार बंद!"

लाली म्हणजे त्यांची गाय. ती त्यांच्या गोठ्यात का आहे हे मला आधीपासून माहीत होतं. दर दिवाळीनंतर शोभाताई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, पोरीची शाळा अर्ध्यात सुटायची. यंदा नवरा एकटा गेला. लालीचं दूध डेअरीला जातं, त्यावर घर चालतं, पोरगी गावातच सातवीत बसते. लाली आहे तोवर शोभाताई गावात आहेत, इतका साधा हिशेब.

आता ढेकराची भानगड. हिवाळ्यात एका कृषी प्रदर्शनात मी स्टॉल लावला होता. शेजारच्या मांडवात एका संशोधकांचं व्याख्यान चालू होतं, विषय झाडांचा पाला आणि जनावरांचं पोट. मी दाराशी उभा राहून ऐकलं. गायीच्या पोटात मिथेन नावाचा वायू होतो, जगाची उष्णता वाढवणाऱ्यांतला तो एक. मला वाटायचं तो मागून निघतो. नाही म्हणे, बहुतेक तोंडातून निघतो, ढेकरावाटे! आणि काही झाडांच्या पाल्यात जो तुरटपणा असतो, टॅनिन म्हणतात, त्याने हा वायू कमी होतो. एवढं ऐकलं आणि माझ्या स्टॉलवर गिऱ्हाईक आलं, मी निघालो. घरी येऊन झोकात पोस्ट लिहिली: "बाभळीचा पाला कुट्टी करून द्या, गायीचा ढेकर कमी करा, जग थंड ठेवा." वाचकांनी भरपूर वाहवा केली होती.

तर शोभाताईंच्या फोनने मी खूश. म्हटलं जाऊन फोटो काढू, पोस्ट लिहू. तसंही रिठदला नामदेवआप्पांकडे नवी पाती पोचवायची होती. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "जराशी कमी खाते, पन ऊन तापून राह्यलं ना, त्यानं असंल." हे वाक्य मी ऐकलं. इंजिनाच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी, हे वाक्य कानावरून तसंच जाऊ दिलं.

पहिला दिवस: अकोला ते रिठद

गुरुवारी सकाळी साडेसहाला पिकअप काढली. अकोल्याहून वाशिमकडे जायचं तर पातूरमार्गे. पातूरला चहा घ्या, डिझेल भरा आणि मग घाट चढा. रस्ता आता रुंद झालाय, तरी वळणांवर ट्रकवाले मध्यरेषा आपल्या नावावर असल्यासारखे येतात, जपून. मार्चमध्ये गेलात तर घाटात पळस फुललेला दिसेल, अंगावर एक पान नाही आणि सगळं झाड पेटलेलं. मी गाडी थांबवून फोटो काढले. खाली दोन गायी पळसाची गळून पडलेली फुलं वेचून खात होत्या. त्यांच्याकडे बघत मी विचार केला, या फुलांनी ढेकर वाढतो की कमी होतो? माझ्या गोंधळाची सुरुवात इथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

मेडशी, मालेगाव, तिथून शिरपूरच्या रस्त्याने रिसोड. हा पट्टा आतला आहे, कुठे गुळगुळीत, कुठे डांबराची नुसती आठवण. रिसोडला बाजार समितीच्या बाहेर हरभऱ्याच्या गाड्यांची रांग लागलेली. जेवायचं तर स्टँडजवळच्या खानावळीत जेवा. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, वरण, शंभराच्या आत पोट तुडुंब. शेजारच्या टेबलावर दोन व्यापारी भांडत होते.

"तुरीचं कुटार मांगं बाजारात कोनी पुसत नोतं. आता पाह्य कसं विकते!"

"विकनच ना बावा. हिरवं हाये कुठी?"

तुरीच्या, सोयाबीनच्या काडाचा जो भुसा राहतो त्याला इकडे कुटार म्हणतात. उन्हाळ्यात जनावरांचं सगळं त्यावरच भागतं. मी मनात म्हटलं, अरे बाबांनो, झाडं उभी आहेत ना! ती कुट्टीत घाला! ओठांवर आलेलं वाक्य ठेच्याबरोबर गिळलं, नशीब.

रिसोडहून वाशिम रस्त्याला लागलं की रिठद. नामदेवआप्पा गावाचे जुने गायकी, म्हणजे गुराखी. अख्ख्या गावाची गुरं सकाळी आखरावर गोळा करून रानात न्यायची आणि संध्याकाळी दारोदार पोचवायची, असं त्यांनी तीसेक वर्षं केलं. आता गुरं कमी झाली, आप्पा स्वतःच्या वीस-बावीस बकऱ्या राखतात. मशीन त्यांच्या मुलाने घेतलंय. आप्पा मशीनकडे बघतसुद्धा नाहीत.

पाती बसवून दिली आणि मी आप्पांबरोबर बकऱ्यांमागे निघालो. नाल्याच्या काठाने बोरी, हिवर, कडुनिंब, बाभळी. बकरी मागच्या दोन पायांवर उभी राहायची, बोरीचे चार घास ओरबाडायची आणि पुढे. मग हिवराचे दोन, निंबाचा एक, बाभळीच्या दोन-चार शेंगा, पुन्हा पुढे. एवढा पाला समोर असून एकही बकरी एका झाडाखाली पोट भरत नव्हती.

"या थांबत का नाहीत आप्पा?" मी विचारलं.

"थांबली तं मरते ना. तू लग्नात नुसती बुंदीच खातो काय?"

मग त्यांनी बाभळीची चिमूटभर पानं तोडली आणि माझ्या हातावर ठेवली. "चाव."

चावली. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग जीभ आखडली, गालांची आतली बाजू दातांना चिकटली, तोंडात कोणी कोरडं फडकं कोंबल्यासारखं झालं. पाणी प्यायलो तरी जाईना. आप्पा मजेत हसत होते.

"पयले चांभार याच्याच सालीनं कातडं कमावत. चार घास औषद हाये, पोटात जंत राह्यत नाई. टोपलंभर खाल्लं का पोटाचंच कातडं व्हते."

मी म्हटलं, "पण आप्पा, याने ढेकर कमी होतो ना? ढेकर कमी झालेला चांगला म्हणतात."

"कोन बह्याड म्हन्ते?"

मी बकऱ्या मोजायला लागलो.

परत आल्यावर आप्पांनी मला शेजाऱ्याच्या गायीजवळ नेलं. तिच्या डाव्या कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे जो खळगा असतो, त्याला भकाळी म्हणतात. "लाव कान," म्हणाले. लावला. आधी माझ्याच कानाची धडधड. मग आतून, खोल, दूरवर ढग सरकल्यासारखं काहीतरी गडगडत आलं आणि विरलं. मिनिटाच्या आत पुन्हा एक. थोड्या वेळाने गायीने मान ताठ केली, गळ्यातून एक गोळा वर गेला, आणि एक ऐसपैस ढेकर देऊन ती रवंथ करू लागली.

"हे चालू हाये तं गाय चालू हाये," आप्पा म्हणाले. "आमी गायकी लोक आखरावर सकायी हेच पाह्यत होतो. जे जनावर उगं बसलं, रवंथ नाई, ढेकर नाई, ते रानात न्यायचंच नाई. मालकाले सांगायचं, याचं पोट बसलं."

माझं डोकं गरगरायला लागलं होतं. व्याख्यानात सांगितलेलं खोटं असेल? माणूस शिकलेला होता, पडद्यावर आकृत्या दाखवत होता. की आप्पा चुकत होते? तीस वर्षं गुरं वळलेला माणूस? की दोघंही बरोबर आणि मधे मी एकटा चुकीचा? मी शोभाताईंना फोन लावला.

"बेस हाये भाऊ! कालपासून शेनसुदा कमी टाकते, गोठा कसा स्वच्छ राह्यते! या तुमी उद्या."

रात्री आप्पांच्या ओसरीवर पडलो, मोबाइलवर पहाटे चारचा गजर लावून.

दुसरा दिवस: रिठद ते किन्हीराजा

पहाटे निघालो. वाशिमला थांबायचं, देवळं, तळं बघायची असा बेत होता, वाचकांना कबूलही केलं होतं. माफ करा, वाशिममधलं यावेळी काहीच सांगता येणार नाही, मी फक्त बाहेरून वळलो. मालेगावचा रस्ता चांगला आहे. मालेगावहून किन्हीराजा नागपूरकडच्या महामार्गावर, एसटी आणि काळीपिवळी दोन्ही मिळतात. दोन्ही बाजूंनी गव्हाचं पिवळं रान आणि बांधाबांधावर बाभळी. एरवी त्या दिसल्याही नसत्या. त्या दिवशी प्रत्येक बाभूळ माझ्याकडे बघते आहे असं वाटत होतं.

शोभाताई दारात पेढे घेऊन उभ्या. खरंच, पेढे! मागे ओसरीच्या खांबाला टेकून त्यांच्या सासूबाई, कपाळावर आठी.

"हाच काय तो मशीनवाला?"

"आत्याबाई, भाऊ एवढ्या दुरून आले, चहा तं होऊ द्या."

"चहा पेईन तो. आधी गाय पाहू दे त्याले."

लाली गोठ्यात उभी होती. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, डोळे आत गेलेले, कान पडलेले. समोर टोपल्यात कुट्टी. माझ्याच मशीनची, बोटाच्या पेराएवढी एकसारखी कापलेली. कुटारात बाभळीचा पाला आणि शेंगा, वरून गुळाचं पाणी. तोंडही लावलेलं नव्हतं.

"बाभूळ किती घालता?" मी विचारलं.

"पयले पसाभर घालत होती. मंग ढेकर कमी झाला, म्हन्लं लागू पडून राह्यलं. मंग अर्धं टोपलं, आता जास्त पालाच. दोन आठवडे झाले. पयले बाजूले सारायची, मंग मी बारीक केलं न गुळाचं पानी टाकलं. कुट्टीत काई निवडता येत नाई तिले."

हे शेवटचं वाक्य शोभाताई अभिमानाने बोलल्या. मशीन विकताना तेच वाक्य मी शेकडो वेळा बोललोय. "जनावराला निवडता येत नाही, काही वाया जात नाही." बकरीचे पाय तिला दुसऱ्या झाडाकडे नेतात. लाली खुंट्याला बांधलेली आणि टोपल्यात माझी कुट्टी.

भकाळीवर कान लावला. एक मिनिट. दोन मिनिटं. बंद पडलेल्या मोटारीला कान लावल्यावर जसं स्वतःचंच रक्त ऐकू येतं, तसं. आत काही नव्हतं. बोटाने दाबलं तर मळलेल्या कणकेसारखा खड्डा पडून तसाच राहिला.

"काय म्हन्ते पोट?" सासूबाई.

"काही नाही म्हणत, काकू."

"मी तीन दिवसापासून तेच सांगून राह्यली! जनावर ढेकर देत नाई तं मले घास गोड लागत नाई. ही म्हन्ते, भाऊनं लिवलं, कमी झाला पायजे. म्हन्लं त्या भाऊचा ढेकर बंद कर न मंग पाह्य!"

शोभाताईंच्या हातात अजून पेढ्यांचा पुडा होता. "म्हन्जे... लागू नाई पडलं काय?"

मी सांगितलं. पोस्ट अर्धं व्याख्यान ऐकून लिहिली होती, ढेकर बंद होणं ही चांगली खूण नाही, माझी चूक झाली. त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लाली गेली तं मले दिवाळीनंतर उसाले जाणं हाये भाऊ. पोट्टी आठवीत बसन नाई."

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, दुपारी आले. तरुण, घामाने भिजलेले. ताप पाहिला, हातमोजा घालून शेण पाहिलं, काळं, कोरडं, चिकट. मग नळीने तेल आणि औषध पाजलं, इंजेक्शन दिलं. म्हणाले, पाला पूर्ण बंद, कोमट पाणी पाजा, गायीला थोडं थोडं चालवा.

हात धुताना मी त्यांना विचारलं, "साहेब, पाल्याने मिथेन कमी होतो हे खोटं का?"

"खरं आहे."

"मग?"

"गायीच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जंतू असतात. ते चारा सडवून पचवतात, त्यात वायू होतो. टॅनिन थोडं असलं तर वायू करणारे काही जंतू आवरले जातात आणि पचन चालू राहतं. जास्त झालं तर पचवणारेही गप्प होतात, चाऱ्यातलं प्रथिनही बांधलं जातं. हिचा वायू कमी झालाच आहे की! चूल विझवली तर धूर बंद होणारच."

"थोडं म्हणजे किती?"

ते पहिल्यांदा हसले. "झाड कोणतं, पान कोवळं की जून, जनावर कोणतं, सोबत काय देता, सवय आहे की नाही. यावर ठरतं. एका ओळीत सांगता आलं असतं तर मी पण पोस्ट लिहिली असती."

मी समजलो आणि समजलो नाही. म्हणजे आप्पा बरोबर, व्याख्यान बरोबर, लाली आजारी.

डॉक्टर निघताना सासूबाईंनी त्यांना अडवलं. "डाक्टर, बैलाचा घास देऊ काय? आमच्यात देतेत."

मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "द्या ना काकू. निरोगी जनावराच्या रवंथात जिवंत जंतू असतात. आम्हीही पोटातलं पाणी काढून देतो, तेच आहे."

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की शोभाताईंनी पदर डोळ्यांवर ओढला.

उन्हं उतरताना शेजाऱ्याचा बैल ओसरीपुढे आणला. तो निवांत बसून रवंथ करत होता. सासूबाई समोर उकिडव्या बसल्या, बैलाच्या गळ्याकडे नजर लावून. गळ्यातून गोळा वर सरकताना दिसला, त्याच क्षणी म्हातारीने डाव्या हाताने जबडा धरला, उजवा हात गालाच्या फटीतून आत घातला आणि हिरवागार ओला घास बाहेर काढला. बैलाचा चेहरा अगदी ताटातली भाकरी उचलून नेलेल्या माणसासारखा झाला. शोभाताईंनी लालीचं तोंड उघडलं, घास आत गेला. असे तीन घास. चौथ्याला बैल उठून गेला.

"पुरे," सासूबाई हात धूत म्हणाल्या. "आता तिच्या पोटानं इचार करावा."

रात्रीसाठी त्यांनी मला देवळाच्या सभामंडपात जागा करून दिली. भाकरी, चुन आणि कांदा त्यांनीच पाठवलं. चुन म्हणजे पिठलं. पेढे मात्र पुन्हा कोणी काढले नाहीत.

तिसरा दिवस

सकाळी सातला गोठ्यात गेलो. लाली बसलेली. टोपलं रिकामं, कुटार संपलेलं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायची माझी हिंमत नव्हती. कान लावला. बराच वेळ काही नाही. मग एकदम खालून, चिखलात चाक फिरल्यासारखं, घर्र. थांबलं. पुन्हा घर्र.

"शोभाताई!" मी ओरडलो असणार, कारण शेजारीही आले.

लाली उठली, शेपटी उचलून पातळ शेण टाकलं. गोठ्याची सगळी स्वच्छता संपली. मग तिने मान पुढे काढली आणि ढेकर दिला. लांब, ओला, आंबूस, असा काही वास की मी दोन पावलं मागे सरलो. शोभाताई हसत होत्या आणि नाकाला पदरही लावत नव्हत्या. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"झालं काय तुमचं जग गरम?"

"झालं काकू."

"होऊ द्या मंग जरासं."

डॉक्टर पुन्हा येऊन पाहून गेले. धोका टळला, पण दूध भरायला दिवस लागतील. पाला कायमचा बंद करू नका असंही ते म्हणाले. पुढे थोडा द्या, दोन-तीन झाडांचा मिळून, कुटाराबरोबर, हळूहळू. मी आप्पांच्या बकऱ्यांची गोष्ट सांगितली आणि जाण्याआधी गोठ्याच्या आढ्याला एक दोरी बांधून दिली. तिच्यावर फांदी टांगायची. हवी तर गाय ओढेल, नको तर सोडेल. कुट्टीत घालायची नाही. अख्ख्या प्रवासात मी केलेलं उपयोगी काम एवढंच.

परतीला मालेगावात चहा, मेडशी, घाट, पातूर, दुपारी अकोला. पळस तसाच पेटलेला. यावेळी फोटो काढला नाही.

घरी

जुनी पोस्ट मी काढून टाकली नाही. तिच्या वरती ही जोडली आहे, म्हणजे तिथून येणारा इथे पोचेल. ज्यांनी ती वाचून काही सुरू केलं असेल त्यांनी आजच गोठ्यात जाऊन डाव्या भकाळीला कान लावावा. गडगड ऐकू आली नाही तर मला फोन करू नका, डॉक्टरांना करा.

वर्कशॉपमध्ये नव्या मशीनवर आता एक पट्टी चिकटवतो: झाडाचा पाला यात घालू नये, फांदी टांगावी. आमचा फिटर म्हणाला, शेठ, आपणच आपल्या मशीनविरुद्ध? मी म्हटलं, चिकटव. मिथेनचं काय करायचं, थोडं म्हणजे नेमकं किती, हे अजून माझ्या डोक्यात गोल फिरतं. पुढच्या प्रदर्शनात त्या संशोधकांच्या मांडवात मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि गिऱ्हाईक आलं तरी उठणार नाही.

काल संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. दूध भरत आलंय. आढ्याला बोरीची, निंबाची आणि एक लहानशी बाभळीची फांदी टांगली होती. लालीने बोर संपवली, निंबाची चार पानं खाल्ली, बाभळीच्या दोन शेंगा घेतल्या आणि तोंड फिरवलं.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या, "फोन तिच्याजवळ धरते."

मी ग्राइंडर बंद केला. आधी नुसती खरखर. मग सावकाश, एका लयीत, चावण्याचा आवाज. तो थांबला. गिळल्याचा आवाज. मग शांतता, जरा जास्तच लांब, आणि मी खुर्चीवरून उठलो. आणि मग तो आला, अख्खा, ऐसपैस.

मागून सासूबाईंचा आवाज: "आयकलं काय रे मशीनवाल्या?"